कोंडून घेतलेला एक तास

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत वाढदिवसाची भेट काय द्यावी हा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होऊं लागला आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. लहान मुलांचें एक बरें असतें. त्यांना दिलेली वस्तू आवडली नाहीं, तर तीं तसें तोंडावर सांगून मोकळीं होतात. परंतु साठी गांठलेल्या माणसास काय द्यावें? शाल द्यावी, तर कपाटांत अगोदरच सात शाली डांबराच्या गोळ्यांसह निजलेल्या असतात. घड्याळ द्यावें, तर वेळ पाहण्याची निकड संपलेली असते. मिठाई द्यावी, तर डॉक्टर आडवे येतात. आमच्या साठाव्या वाढदिवशीं आमच्या पुतणीनें हा प्रश्न निराळ्याच रीतीनें सोडविला. तिनें आमच्या हातीं एक पाकीट ठेविलें. आंत चिठ्ठी होती: "काका, येत्या रविवारीं चार वाजतां तुम्ही आणि तुमची चार मित्रमंडळी, असे पांच जण एका खोलींत एक तास कोंडले जाणार आहांत. पैसे भरले आहेत. सुटायचं कसं, तें तुमचं तुम्हीं पाहायचं."

चिठ्ठी घरांत सर्वांनीं वाचली. आमच्या मातुःश्री म्हणाल्या, "वाढदिवसाला कोंडून घालायचं, ही कुठली ग बाई रीत? आणि तो काय आतां लहान आहे? त्यापेक्षां मागीलदारची पायरी हलते आहे, ती कुणी बघेल का?" ह्यावर सगळे हंसले, आम्हीही हंसलों, आणि रविवारीं कोणाकोणास न्यावयाचें ह्या विचारास लागलों.

ज्यांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें अवश्य आहे. 'एस्केप रूम' ह्या नांवानें हा खेळ ओळखला जातो. आपण त्यास 'सुटकेची खोली' म्हणूं. एखादी खोली कचेरी, प्रयोगशाळा, जहाज किंवा भुताटकीचा वाडा ह्यांसारखी सजविलेली असते. चार-सहा माणसांनीं आंत जावयाचें, दार लागावयाचें, आणि खोलींत दडवून ठेविलेल्या खुणांवरून एकामागून एक कुलुपें उघडीत साधारणतः साठ मिनिटांच्या आंत बाहेर पडावयाचें. शक्तीचें काम नाहीं. पाहणें, ताडणें आणि एकमेकांस सांगणें, एवढेंच.

ह्या खेळाचें मूळ जपानांत आहे. २००४ साली तोशिमित्सु ताकागी ह्यांनीं 'क्रिम्झन रूम' नांवाचा संगणकावरील खेळ प्रसिद्ध केला. लाल रंगाच्या खोलींत अडकलेल्या माणसानें तेथील वस्तू धुंडाळून बाहेरची वाट शोधावी, अशी त्याची योजना होती. २००७ साली ताकाओ काटो ह्यांच्या 'स्क्रॅप' ह्या संस्थेनें क्योटो शहरांत तीच कल्पना पडद्यावरून उचलून खऱ्या खोलींत व खऱ्या माणसांकरितां मांडली. २०११ साली बुडापेस्ट येथें 'पॅरापार्क' ह्या नांवानें अशी खोली निघाली आणि तेथून हा खेळ युरोपभर फैलावला. प्राध्यापक स्कॉट निकल्सन ह्यांनीं २०१५ साली निरनिराळ्या देशांतील १७५ खेळघरांच्या चालकांकडून माहिती मागवून ह्या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं ह्या खेळाची जी व्याख्या केली आहे, तींत हा संघाचा खेळ आहे ही गोष्ट अगदीं आरंभींच येते. आतां मुंबई-पुण्यासही अशा खोल्या आहेत, आणि तरुण मंडळी तेथें वाढदिवस साजरे करतात.

नांव नवें असलें तरी कल्पना आपणांस अगदींच परकी नाहीं. आदिपर्वांतील लाक्षागृहाची कथा घ्या. वारणावतास निघालेल्या पांडवांस विदुरानें भर लोकांत सावध केलें, पण तें अशा गूढ भाषेंत कीं, तें एकट्या धर्मराजासच उमजावें. रान जाळणारा अग्नि बिळांत राहणाऱ्यास जाळूं शकत नाहीं, अशा आशयाची ती सूचना होती. पुढें विदुरानें पाठविलेल्या खनकानें घराच्या मधोमध विवर खणलें आणि त्याचें तोंड फळ्या टाकून जमिनीशीं सपाट केलें. ह्या कथेंतील एक बारकावा मात्र बहुधा लक्षांतून निसटतो. विदुर बोलला तेव्हां कुंतीही जवळच होती. त्याचे शब्द तिला ऐकूं आले, अर्थ कळला नाहीं. आणि नंतर तिनें मुलास सरळ विचारलें कीं, विदुर तुला काय म्हणाला? न कळलेलें विचारून घेण्यांत त्या राजमातेस कमीपणा वाटला नाहीं. ह्या गोष्टीकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

विवर आधीं खणलें होतें, हेंही विसरतां कामा नये. ४ जानेवारी २०१९ रोजीं पोलंडमधील कोशालिन शहरांत १५ वर्षांच्या पांच मैत्रिणी एकीच्या वाढदिवसानिमित्त अशाच एका खोलींत गेल्या होत्या. इमारत ऊबदार ठेवण्याच्या उपकरणांतून गॅस गळून बाहेरच्या बाजूस आग लागली. जावयाची वाट आगीनें अडविली, आणि पांचही मुली कार्बन मोनॉक्साइडनें गुदमरून मरण पावल्या. त्यानंतर पोलंडांत देशभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि अनेक ठिकाणांस टाळें लागलें. वाढदिवसाच्या गोष्टींत ही हकीकत आम्हीं मुद्दाम सांगत आहों, कारण भेट देणारास ती ठाऊक असलीच पाहिजे. आमच्या पुतणीस ती ठाऊक होती. रविवारीं आम्हांस आंत सोडण्यापूर्वीं तिनें तेथील चालक मुलीस उभ्या उभ्या प्रश्न केले: दार आंतून उघडतें का? वीज गेली तर काय होतें? दुसरी वाट कोठें आहे? आंतील माणसांवर सतत कोणाचें लक्ष असतें का? त्या मुलीनें न चिडतां दाराशेजारचें हिरवें बटण दाखविलें. तें दाबतांच दार उघडलें. दाराचें कुलूप विद्युच्चुंबकाचें असल्यामुळें वीज जातांच तें आपोआप सुटतें, हेंही तिनें प्रत्यक्ष वीज तोडून सिद्ध केलें. मग आम्ही निर्धास्तपणें कोंडून घेतलें.

आमच्या पांच जणांत एक वकील, एक इंजिनियर, एक गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका, एक आम्ही, आणि पांचवे आमचे मुद्रितशोधक स्नेही. चाळीस वर्षें त्यांनीं एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्यांत घालविलीं. आम्हां पांच जणांचा स्नेह कॉलेजच्या दिवसांपासूनचा. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं कोणा ना कोणाच्या घरीं आमची बैठक भरते. गेलीं तीन वर्षें मुद्रितशोधकांना कमी ऐकूं येतें. श्रवणयंत्र आहे, परंतु चार माणसें एकदम बोलूं लागलीं, कीं त्या यंत्रांत सगळ्या आवाजांची खिचडी होते. त्यामुळें आम्हां स्नेह्यांस एक संवय जडली होती. त्यांना कोणी कांहीं विचारलें, कीं उत्तर आम्हीच देऊन टाकीत असूं. "त्याला चहा बिनसाखरेचा," "त्याला नाटक नको, त्याला ऐकूं येत नाहीं." हें सर्व प्रेमानें. यंदा चार बैठकींस ते आले नाहींत. प्रत्येक वेळीं कारण निराळें होतें, आणि तीं कारणें आम्हीं खरीं मानलीं. कारण तसें मानणें सोयीचें होतें.

खोली एका जुन्या संस्थानच्या कारभाऱ्याच्या कचेरीसारखी मांडली होती. बैठें मेज, दौत-टाक, भिंतींतलें फडताळ, बंद पडलेलें लंबकाचें घड्याळ, चार आकड्यांचें कुलूप लावलेली एक पेटी, आणि भिंतीवर चौकटींत बसविलेली दहा ओळींची एक छापील सूचना. भिंतीवर वेळ दाखविणारे तांबडे आकडे उलटे धांवूं लागले, आणि आम्हां सर्वांस आपण फार हुशार असल्याची एकदम आठवण झाली. इंजिनियर घड्याळाकडे धांवले. वकिलांनीं मेजाचे खण उपसले. प्राध्यापिकाबाईंनीं भिंतीवरील चित्रांची संख्या मोजावयास घेतली. आम्हीं फडताळांतील पुस्तकें एक-एक करून झटकूं लागलों. मुद्रितशोधक सूचनेपुढें उभे राहिले, खिशांतून दुसरा चष्मा काढला, आणि वरपासून खालपर्यंत ती वाचली. मग ते म्हणाले, "ह्यांत चार चुका आहेत."

"चारच?" वकील खणांतून डोकें वर न काढतां म्हणाले. "मग छापखाना चांगला दिसतो!"

आम्ही सगळे हंसलों. हल्लींच्या छपाईविषयीं मुद्रितशोधकांची तक्रार आम्हीं हजार वेळां ऐकिली होती. ही एक हजार एकावी, एवढेंच आमच्या मनांत आलें. ते पुन्हां कांहीं बोलूं लागले होते, "म्हणजे ओळी जर..." पण तेवढ्यांत इंजिनियरांना घड्याळामागें एक किल्ली सांपडली आणि त्यांनीं आरोळी ठोकली. त्या वेळीं खेळ सुरू होऊन पांच मिनिटें झालीं होतीं.

त्या किल्लीनें एक खण उघडला, पण पेटीचें कुलूप उघडेना. घड्याळाच्या कांट्यांवरून आंकडे काढले, ते चुकले. चित्रांच्या संख्येवरून काढले, तेही चुकले. शेवटीं वकील म्हणाले कीं, शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून एकेक आंकडा लावीत जाऊं. प्राध्यापिकाबाईंनीं तोंडीं हिशेब केला: चार आकड्यांच्या कुलुपाचे दहा हजार मेळ होतात, प्रत्येकास तीन सेकंद धरले, तरी सगळे तपासावयास आठ तास वीस मिनिटें लागतील. "रात्रीचं जेवण आंत मागवावं लागेल," असें त्या म्हणाल्या. आम्ही चिडलों होतों, घामाघूम झालों होतों, आणि एकाच वेळीं चौघेही बोलत होतों. मुद्रितशोधक भिंतीशीं तसेच उभे होते.

अडलेल्या खेळाडूंस एखादी सूचना मागतां येते. आमच्या अभिमानानें ती मागूं दिली नाहीं. तेव्हां छतांतल्या ध्वनिक्षेपकावरून त्या चालक मुलीनें आपण होऊनच ती दिली. घड्याळांत एकतीसावें मिनिट चाललें होतें. ती म्हणाली, "काका, तुमच्यापैकीं भिंतीपाशीं जे उभे आहेत ना, त्यांनीं सुरुवातीलाच कांहीं सांगितलं होतं. तें त्यांना पुन्हां विचारतां का?"

खोली एकदम शांत झाली. आम्ही चौघांनीं वळून त्यांच्याकडे पाहिलें. त्यांना ध्वनिक्षेपकावरील शब्द कळले नव्हते; आमचे चेहरे पाहून ते म्हणाले, "काय झालं?" आम्हीं त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलों आणि सावकाश विचारलें, "त्या चार चुका कुठल्या ओळींत आहेत?"

"दुसऱ्या, पांचव्या, सहाव्या आणि नवव्या," ते तत्काळ म्हणाले. दुसऱ्या ओळींत एक वेलांटी ऱ्हस्व होती. पांचवींत एका शब्दाचें मधलें अक्षर गळलें होतें. सहावींत अनुस्वार पुढच्या अक्षरावर सरकला होता. नववींत एकच शब्द दोनदां पडला होता. इंजिनियरांनीं दोन, पांच, सहा, नऊ हे आंकडे लावले, आणि कुलूप उघडलें. ती सूचना आम्हीं चौघांनींही वाचली होती. परंतु आम्हीं मजकूर वाचला होता. अक्षरें एकट्यानेंच वाचलीं होतीं.

पुढचा खेळ निराळ्याच रीतीनें झाला. जें ज्यास सांपडेल तें त्यानें एकट्यानें, मोठ्यानें, मुद्रितशोधकांकडे तोंड करून सांगावयाचें, आणि तें सांगून होईपर्यंत बाकीच्यांनीं गप्प बसावयाचें, असा नियम न ठरवितां ठरला. पेटींतून निघालेला नकाशा त्यांनींच लावला. तरीही आम्ही सुटलों नाहीं. वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हां शेवटचें कुलूप वकिलांच्या हातांत होतें आणि त्याचे दोन आंकडे जुळले होते. पांचव्या मिनिटास सांगितलेली गोष्ट आम्हीं एकतीसाव्या मिनिटास ऐकिली. मधल्या सव्वीस मिनिटांचा हिशेब गणिताच्या प्राध्यापिकेस विचारण्याची जरुरी नव्हती.

बाहेर चहा घेतांना वकिलांनीं, त्यांच्या स्वभावास न शोभेल अशा हळू आवाजांत, मुद्रितशोधकांना विचारलें, "तूं पुन्हां सांगितलं कां नाहींस?" ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हांला तें कळलं असेल आणि उपयोगाचं नसेल. शिवाय हल्लीं मी दोनदां सांगत नाहीं. दोनदां सांगितलं, कीं लोक मोठ्यानं बोलायला लागतात, ऐकत नाहींत."

ह्यावर कोणीही बोललें नाहीं. आमच्या मनांत एकच गोष्ट घोळत होती. बाहेरच्या खोलींत पडद्यापुढें बसलेली एक अनोळखी मुलगी त्यांचें बोलणें ऐकत होती. आणि चाळीस वर्षांचे स्नेही म्हणविणारे आम्ही हाताच्या अंतरावर उभे असूनही ऐकत नव्हतों. ऐकूं कमी येतें तें त्यांना, असें आम्ही तीन वर्षें समजत होतों.

त्या रात्रीं घरीं आल्यावर मातुःश्रींनीं विचारलें, "सुटलास का रे?" आम्हीं "नाहीं" म्हणून सांगितलें आणि विजेरी घेऊन मागीलदारीं गेलों. वरून दुसऱ्या पायरीचा दगड एका बाजूनें पुरता सुटला होता. पाय ठेवतांच हलला. पहांटे अंधारांत प्राजक्ताचीं फुलें वेंचावयास घरांतून एकट्या मातुःश्रीच त्या पायरीवरून उतरतात. दुसऱ्या दिवशीं गवंडी आणला. पायरी हलते हें त्यांनीं ह्यापूर्वीं किती वेळां सांगितलें होतें, हें घरांत विचारलें, तेव्हां आमच्या सूनबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर तीनदां."

एकत्र कुटुंबाचें मोठें सुख हें कीं, घरांत बोलावयास माणूस असतें. त्याचा मोठा धोका हा कीं, माणसें पुष्कळ असल्यामुळें कोणाचें बोलणें हंसण्यावारी न्यावयाचें, हेंही हळूहळू ठरून जातें. म्हातारीचें असतें, नव्या सुनेचें असतें, सातव्या वर्षाच्या मुलाचें असतें, कमी ऐकूं येणाऱ्या काकांचें असतें. त्यांच्या बोलण्यांतील शब्द आपल्या कानीं पडतात, पण "काय म्हणालांत?" हा कुंतीचा प्रश्न आपण विचारीत नाहीं. खेळांत त्याची किंमत एका कुलुपाएवढी असते. घरांत ती किती असेल, हें पायरी निखळेपर्यंत कळत नाहीं.

आतां ज्या वाचकांस ही भेट द्यावीशी वाटेल, त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. पुतणीनें विचारलेले सर्व प्रश्न विचारल्यावांचून आंत पाऊल टाकूं नये. उत्तरें टाळणाऱ्या ठिकाणाहून पैशांची पर्वा न करतां परत फिरावें. बंद जागेची ज्यांस धास्ती वाटते, त्यांस आग्रह करूं नये. वडील मंडळी असतील, तर खुणा मराठींत आहेत का, आणि बसावयास आंत खुर्ची आहे का, हें आधीं पाहावें. पांच माणसें पुष्कळ झालीं. अधिक झालीं तर निम्मीं नुसतीं पाहत उभीं राहतात. सांपडलेल्या वस्तू एकाच मेजावर ठेवाव्या आणि वापरून झालेल्या किल्ल्या निराळ्या कराव्या. अडल्यास सूचना मागावी. त्यांत कमीपणा नाहीं. आणि शहर दूर असेल, तर गणपतींत सगळें घर जमतें तेव्हां हाच खेळ माजघरांत मांडतां येतो. आकड्यांचें एक कुलूप, एक जुनी पेटी, खाऊचा पुडा आणि चार चिठ्ठ्या एवढ्यावर तो भागतो. मात्र दार उघडें ठेवावें. कुलूप पेटीसच पुरे.

असो. आमच्या रविवारच्या बैठकींत त्यानंतर थोडा फेरफार झाला आहे. मुद्रितशोधकांची खुर्ची आतां भिंतीस पाठ लावून असते, म्हणजे मागून आवाज येत नाहीं. दिवा आमच्या तोंडांवर पडेल असा ठेविलेला असतो, म्हणजे त्यांना ओठ दिसतात. आणि एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, हा नियम वकिलांस फार जड जात असूनही ते पाळीत आहेत. गेल्या दोन्ही बैठकींस मुद्रितशोधक आले होते. हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं त्यांना वाचावयास दिला. त्यांनीं तो दोन चष्म्यांनीं वाचला आणि म्हणाले, "चार चुका आहेत."

कोणत्या ओळींत, हें ह्या वेळीं आम्हीं लगेच विचारलें.